भंडारा खऱ्या हळदीचाच हवा

आज मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, अर्थात चंपाषष्ठी. प्रतिपदेपासून चाललेले खंडोबाचे नवरात्र आज पूर्ण होईल. घरोघरी भरीत-रोडग्याचा नैवेद्य होईल, तळी भरली जाईल आणि जेजुरीचा गड येळकोटाच्या गजरात पिवळा होऊन जाईल. अशा मंगल दिवशी भाविकांपुढे एक अप्रिय गोष्ट मांडणे भाग आहे.

भंडारा म्हणजे हळदीची पूड. दुसरे काही नव्हे. अमरकोशकारांनी जिला ‘कांचनी’ आणि ‘वरवर्णिनी’ म्हटले, तीच ही हरिद्रा. ती आपल्या फोडणीत पडते, जखमेवर दाबली जाते, नवरा-नवरीच्या अंगाला लागते. तिच्यात भिजवलेला दोरा कंकण होतो आणि टाकणखारासारख्या क्षाराच्या योगाने लाल होऊन तीच कुंकू बनते.

परंतु भंडारा या नावाखाली कृत्रिम रंग दिलेली भुकटीही आज बाजारात खपते. कापडासाठीचा मेटानिल यलो आणि शिसे असलेला लेड क्रोमेट हे हळदीच्या भेसळीतील कुप्रसिद्ध रंग. शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. उधळलेला भंडारा नाका-डोळ्यांत जातो, प्रसाद म्हणून जिभेवरही ठेवला जातो. बापाच्या खांद्यावरचे लेकरू त्यातून कसे सुटावे?

जखम भरून काढण्याच्या हळदीच्या गुणावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. तेव्हा आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने प्राचीन संस्कृत ग्रंथांचे पुरावे सादर केले व १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. परदेशात जिच्या मानासाठी आपण ग्रंथ उघडले, तिच्याच नावाने आपल्या देवाच्या दारी खोटा रंग विकावा, याहून मोठी विसंगती कोणती?

उपाय घरातच आहे. हळकुंडे आणून दळून घ्यावीत. विकत घेतलेली पूड चमचाभर घेऊन पेलाभर पाण्यात टाकावी व न ढवळता ठेवावी. खरी हळद तळाशी बसते, वरचे पाणी फिकट पिवळे राहते. पाणी गडद पिवळे झाले तर भेसळीचा संशय धरावा. दुकानदारांनीही जाणावे की, देवाच्या नावाने केलेला व्यापार हीदेखील सेवाच आहे आणि सेवेत कपट चालत नाही.

देव भावाचा भुकेला आहे, पोत्यांचा नव्हे. पोतेभर खोट्या रंगापेक्षा चिमूटभर खरी हळद मल्हारीच्या चरणी वाहावी. आजची षष्ठी त्या सोन्याने उजळो!