चमकेतून कळणारा अंश
अतिनील प्रकाश पडताच कार्बनचे काही नॅनोमीटर आकाराचे कण निळसर चमकतात. कीटकनाशकांचे अंश टिपणारे अनेक संवेदक याच चमकेवर चालतात. ऑरगॅनोफॉस्फेट गटातील औषध ॲसिटिलकोलिनएस्टरेज या विकराला निकामी करते. विकराचे काम मंदावले की संवेदकाची चमक बदलते आणि त्या बदलावरून अंश मोजता येतो. सूत्र देखणे आहे. खरी अडचण पानाफळांच्या अर्कात येते, कारण हरितद्रव्य स्वतःच लाल चमकते. शिवाय प्रत्येक अंश याच संवेदकाला कळत नाही: 2010 साली क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे भारतीय द्राक्षांची युरोपातील निर्यात अडली; ते वाढनियंत्रक ऑरगॅनोफॉस्फेट नव्हे, त्याला वेगळाच संवेदक लागतो. अंतिम निवाडा आजही क्रोमॅटोग्राफीचाच, पण नाशिकच्या बागायतदाराला तोडणीआधी बांधावरच इशारा मिळणे फार मोलाचे ठरेल.