जाहीरनाम्याची खतावणी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नाशिकच्या मेन रोडवरून रविवार कारंजापर्यंत एक फेरफटका मारावा. दुकानादुकानांतून नव्या वह्यांवर हळदकुंकू वाहिलेले दिसते. ज्यांचा हिशेब आता संगणकावर चालतो तेही पूजेपुरती एक लाल वही ठेवतातच. वर्षभर कोणाकडून काय येणे आहे आणि कोणाचे काय देणे आहे, हे विसरू नये म्हणून ही पूजा.

आपल्या मध्यमवर्गीय घरांनाही हिशेबाची हौस कमी नाही. दूधवाल्याचे खाडे कॅलेंडरावर मांडलेले असतात. इस्त्रीला किती कपडे गेले आणि किती परत आले, हे गृहिणीला तोंडपाठ असते. परंतु पाच वर्षांतून एकदा जो गृहस्थ दारात येऊन हात जोडतो आणि छापील कागद हातावर ठेवतो, त्याचा हिशेब मात्र कोणी ठेवीत नाही. तो कागद दुसऱ्या दिवशी फडताळातल्या डब्याखाली जातो. त्यातून उमेदवार अपक्ष असला, तर तेवढीही प्रतिष्ठा त्याच्या कागदाला मिळत नाही. ‘एकटा माणूस! हा काय दिवे लावणार?’ असे म्हणून आपण चहाचा कप उचलतो.

वाचकहो, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. एकट्याच्या किंवा मूठभरांच्या जाहीरनाम्याला खरोखर काही किंमत असते का? उत्तरासाठी विलायतेला जायला नको. नाशिक जिल्ह्याच्या जुन्या वह्या उघडल्या तरी पुरे.

२ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याचे नेते. इथली आघाडी सांभाळणाऱ्यांत दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे भाऊराव कृष्णराव गायकवाड, म्हणजे दादासाहेब, पुढे होते. जवळजवळ पाच वर्षे तो लढा चालला आणि दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्यानंतर दहाच महिन्यांनी, १५ ऑगस्ट १९३६ रोजी, स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना झाली. देवळाचे दार उघडत नाही, तर कायदेमंडळाचे ठोठावू, असा हा मार्ग होता.

१९३५ च्या कायद्याप्रमाणे मुंबई प्रांताच्या विधानसभेत १७५ जागा होत्या. मत देण्याचा हक्क सरसकट सर्वांना नव्हता. मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांची अट होती. नव्या पक्षाने उभे केले अवघे सतरा उमेदवार. म्हणजे सगळेच्या सगळे निवडून आले असते तरी सभागृहाचा दहावा हिस्सादेखील भरला नसता! तरीही पक्षाचा कार्यक्रम वाचला तर वाटावे की उद्या राज्यच चालवायचे आहे. कुळांना जमीनदारांच्या जाचापासून व बेदखलीपासून संरक्षण, भूविकास बँका, धंदेशिक्षण, कामगारांचे कामाचे तास व पगारी रजा, आणि खेड्यांसाठी सभागृह, वाचनालय नि चक्क फिरता सिनेमा!

१९३७ च्या निवडणुकीत या सतरांतले बहुतेक निवडून आले. नाशिककडून दादासाहेब गायकवाड गेले. काँग्रेसने ८६ जागा जिंकल्या आणि बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. स्वतंत्र मजूर पक्ष विरोधी बाकांवर बसला.

आता खतावणी मांडू.

पहिले खाते खोतीचे. कोकणात सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये खोत असे. तो सारा वसूल करी आणि कुळाला जमिनीवर हक्क असा फारसा राहत नसे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोताला वाजवी भरपाई द्यावी आणि कसणाऱ्याला कब्जेदाराचा हक्क मिळावा, असा त्याचा आशय होता. निवडणुकीला वर्षही झाले नव्हते. विधेयक मंजूर होणार नाही हे उघडच होते. म्हणून १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत काउन्सिल हॉलवर नेला आणि शिष्टमंडळ खेरांना भेटले. तरीही विधेयक पास झाले नाही. खोती नष्ट करण्याचा कायदा झाला तो १९४९ साली, दुसऱ्यांच्या बहुमताने. येणे वसूल व्हायला बारा वर्षे लागली.

दुसरे खाते नाशिकच्या खेड्यापाड्यांना अधिक जवळचे, महार वतनाचे. तुटपुंजी जमीन आणि बलुते यांच्या मोबदल्यात अख्ख्या समाजाने सरकारी कामाला रात्री-अपरात्री धावायचे, अशी ही व्यवस्था. तिच्याविरुद्ध बाबासाहेबांनी विधेयक आणले ते १९२८ साली, कायदे कौन्सिलात नियुक्त सभासद असताना. तेव्हा तर पाठीशी पक्षही नव्हता. ही कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली. तीस वर्षे! विधेयक आणणारा माणूस ६ डिसेंबर १९५६ रोजी निघून गेला होता. दादासाहेब मात्र होते. १९५७ साली याच नाशिकने त्यांना लोकसभेत पाठवले होते.

तिसरे खाते आपल्या घरातले आहे. १० नोव्हेंबर १९३८ रोजी पक्षाचे सभासद पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव विधानसभेत मांडला. ज्या विषयाचे नाव चारचौघांत काढायची चोरी, तो थेट सभागृहात! ठराव फेटाळला गेला. १९५२ साली हिंदुस्थान सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, आणि पुढे लाल त्रिकोण गावोगावच्या भिंतींवर रंगला.

चौथे खाते वाचनालयाचे. नाशिक शहरात सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, त्यामुळे शहरवासीयांना यात नवल वाटणार नाही. खेड्यातल्या माणसाला मात्र पुस्तक म्हणजे पोथी नाहीतर तलाठ्याचे दप्तर. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला १९६७ साली. फिरता सिनेमा खेड्यांत आला खरा. परंतु तो आणला तंबूवाल्यांनी, सरकारने नव्हे.

सगळेच येणे वसूल झाले असे मात्र समजू नका. १९३८ च्या औद्योगिक कलह विधेयकाने कामगारांच्या संपाच्या हक्काला वेसण घातली जात होती. पक्षाने सभागृहात विरोध केला आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप घडवला. विधेयक तरीही कायदा झाले. हे खाते बुडीत म्हणूनच लिहावे लागेल.

या चोपडीवरून काय दिसते? बहुमत नसलेल्या माणसाचा जाहीरनामा ही रोख रक्कम नसते, हुंडी असते. ती कधी वटेल हे लिहिणाराही सांगू शकत नाही, आणि वटली तरी सही बहुधा दुसऱ्याची असते. परंतु ती कोणी लिहिलीच नाही, तर वटणार काय? कायद्याचा मसुदा सभागृहाच्या कामकाजात एकदा नोंदला गेला की त्याला उत्तर द्यावे लागते. नकार द्यायचा तरी कारण सांगावे लागते, आणि दिलेले कारण दहा वर्षांनी टिकत नाही.

मग आपल्या दारी येणाऱ्या एकट्या उमेदवाराचा कागद कसा वाचावा? आमच्या मते प्रत्येक कलमापुढे तीन प्रश्न लिहावेत.

पहिला प्रश्न: हे काम कोणाच्या अखत्यारीतले? ‘गल्लीतले खड्डे बुजवीन’ असे विधानसभेचा उमेदवार म्हणाला, तर तो महापालिकेचे काम स्वतःच्या नावावर लिहितो आहे. ‘कांद्याला भाव देईन’ म्हणाला, तर त्याला विचारा, निर्यातीची किल्ली कोणाकडे? डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली ती केंद्राने. त्या दिवशी लासलगावच्या शेतकऱ्याच्या कपाळाला हात लागला, आणि शहरातल्या स्वयंपाकघरात कांदा उतरेल या आशेने जरा हायसे वाटले. दोन्ही घरांची मते मागणाऱ्याने दोन्ही घरांना काय सांगितले, तेही ताडून पाहा. पण ‘गंगापूर धरणाच्या पाण्याबद्दल बोलेन’ असे तो म्हणाला, तर कान टवकारा. गोदावरीच्या वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी किती पाणी सोडायचे, हा वाद २००५ च्या राज्याच्याच कायद्याखाली चालतो. ते सभागृह त्याचेच आहे.

दुसरा प्रश्न: कोणत्या आयुधाने? एकट्या आमदारालाही तारांकित प्रश्न विचारता येतो, लक्षवेधी सूचना देता येते, अशासकीय विधेयक मांडता येते. ‘प्रयत्न करीन’ हे आयुध नव्हे. अमुक विषयावर पहिल्या वर्षात विधेयक मांडीन, असे तारीखवार लिहून देणारा उमेदवार भेटला, तर त्याला आत बोलवून फराळाचे ताट द्यायला हरकत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड: हरलात तर काय कराल? सभागृहात २८८ जण. सरकारला १४५ लागतात. बहुमत काठावर आले की अपक्षाचा भाव कांद्यासारखा चढतो. १९९५ साली महाराष्ट्रात तब्बल ४५ अपक्ष निवडून आले आणि सरकार त्यांच्या पाठिंब्याविना उभे राहू शकत नव्हते. अशा वेळी अपक्षाने पाठिंब्याच्या बदल्यात आपल्या जाहीरनाम्यातले कलम मागितले की खुर्ची मागितली, यावरून त्याची पारख होते. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने अपक्ष निवडून आलेल्याला नंतर कोणत्याही पक्षात शिरता येत नाही. शिरला तर जागा जाते. पण पाठिंबा कोणाला द्यावा आणि कशासाठी, यावर कायद्याचा पहारा नाही. तो पहारा मतदाराचा.

नाशिकला अपक्षांचे वावडे नाही. २०२३ साली विधान परिषदेच्या नाशिक विभाग पदवीधर मतदारसंघातून सत्यजीत तांबे अपक्ष म्हणून निवडून आले. पाच जिल्ह्यांचा तो मतदारसंघ आणि मतदार सगळे पदवीधर. निदान पदवीधरांनी तरी तो कागद जपून ठेवला असेल, अशी आशा करू या!

कोणी म्हणेल, तीस वर्षे वाट पाहायची तर त्या मताचा आम्हाला काय उपयोग? तक्रार रास्त आहे. नळाला आज पाणी हवे असते आणि मुलाला नोकरी यंदाच. त्यासाठी बहुमतवाल्यांना जाब विचारावा, जरूर विचारावा. परंतु रात्री-अपरात्री सरकारी कामाला धावणाऱ्या माणसाची सुटका बहुमतवाल्यांच्या यादीत पहिल्या दिवशी नव्हती. ती कोणा एकट्याने लिहून ठेवली म्हणून कधीतरी यादीत आली.

विधानसभेची निवडणूक नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली. दिवाळीची झाडलोट करताना तेव्हाचा एखादा कागद डब्याखाली सापडलाच, तर रद्दीत टाकू नका. निवडून आलेल्याचा असो की पडलेल्याचा, कलमापुढे तीन प्रश्न पेन्सिलीने लिहा आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवून द्या. वर्षाकाठी एक पत्र आमदाराच्या पत्त्यावर टाका: ‘आपल्या कलम चारचे काय झाले?’ उत्तर आले तर तेही त्याच पिशवीत ठेवा. नाही आले, तर पुढच्या वेळी तो गृहस्थ हात जोडून दारात उभा राहील तेव्हा पिशवी बाहेर काढा. चहा मात्र द्या. दिवाळी आपलीही असते आणि त्याचीही.