कृश घोडे आणि कोंडलेला वारा

गेल्या अंकात अधिकमासाचा हिशेब मांडीन, असे मी या पानावर कबूल करून बसलो होतो. तो हिशेब आता पुढील महिन्यावर गेला आहे, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. मध्येच एक पत्र आले आणि माझे पंधरा दिवस त्यातच गेले.

पत्र माझ्या पुतण्याचे, म्हणजे धाकट्या बंधूच्या मुलाचे. बंधू आता हयात नाही. मुलगा अमेरिकेत, कोलोरॅडो संस्थानातील डेन्व्हर शहरी पुलांचे आराखडे करण्याच्या कामावर आहे. त्याच्यापाशी घरच्या वापराच्या मोटारीखेरीज आणखी एक लहानशी मोटार आहे. जपानातील माझ्दा कंपनीची 'मियाटा' या नावाची, दोनच माणसे बसतील अशी, वरचे कापडी छत मागे दुमडता येणारी. ती 1992 सालची असून त्याने ती जुन्या बाजारात घेतली. पत्रातला प्रश्न एवढाच : "काका, हिच्या इंजिनाला टर्बो बसवावा की नाही? बाबा असते तर त्यांनाच विचारले असते. तुम्ही सांगाल तसे करीन."

जन्मभर रूपावली आणि समासचक्र घोकून घेतलेल्या मास्तराला हा प्रश्न! घरात हसू झाले. माझी सौभाग्यवती मात्र हसली नाही. ती म्हणाली, "तो मोटारीविषयी विचारतो आहे, की परवानगी मागतो आहे, ते आधी पाहा." आमच्या धाकट्या भावजयीचे मत तर तयारच होते. ज्या गावात बर्फ पडते तिथे मोटार आणखी पळवायची ती कशाला, असा तिचा रोकडा सवाल. तिला मी सांगितले की प्रश्न अभ्यासल्यावाचून उत्तर देणार नाही. आणि खरोखरच अभ्यासाला बसलो.

प्रथम ही मोटार काय आहे ते पाहू. 1989 साली शिकागोच्या प्रदर्शनात ती प्रथम लोकांपुढे आली. तिच्या निर्मितीची धुरा तोशिहिको हिराई नावाच्या अभियंत्याकडे होती. जपानी भाषेत 'जिन्बा इत्ताई' असा एक शब्दप्रयोग आहे. स्वार आणि घोडा यांचे ऐक्य, असा त्याचा भाव. मोटार हाकणाऱ्याला हा अनुभव यावा, हेच हिराईंनी उद्दिष्ट ठेवले. म्हणून इंजिन अवघे 1.6 लिटरचे, शक्ती 116 अश्वांची, आणि वजन एक हजार किलोच्या आतबाहेर. बळापेक्षा चपळाईवर सारी मदार. लोकांना हे इतके रुचले की 2016 साली या जातीच्या मोटारींची संख्या दहा लाखांवर गेली.

हे वाचताना मला वनपर्वातील नलोपाख्यान आठवल्यावाचून राहिले नाही. बाहुकाच्या वेषातील नलाने ऋतुपर्ण राजाच्या रथासाठी घोडे निवडले ते दिसावयास कृश. राजाला वाटले, ही काय थट्टा! पण त्याच घोड्यांनी रथ असा नेला की राजाचे उत्तरीय खाली पडले; ते उचलण्यासाठी रथ थांबवावा असे तो म्हणतो, तोच नल सांगतो की ते एक योजन मागे राहिले. (ज्या कुंडिनपुराकडे हा रथ चालला होता, ते आपल्या अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूर होय, अशी परंपरा आहे.) नलाने त्या घोड्यांना काही मात्रा चाटवल्याचे व्यासांनी लिहिलेले नाही. माझा पहिला कौल अर्थात 'नको' असा पडला, तो या कथेमुळे. परंतु कथेवरून कौल देणे ही मास्तराची जुनी खोड. म्हणून यंत्राचा विचार निराळा केला.

इंजिनाची ताकद ते किती पेट्रोल पिते यावर नसून, त्या पेट्रोलाबरोबर जाळावयास त्याला किती हवा मिळते यावर असते. साधे इंजिन श्वास आपला आपण ओढते. टर्बोमध्ये एकाच दांड्याच्या दोन टोकांना दोन लहान चक्रे असतात. धुराड्यातून वाया जाणारा तप्त वायू एक चक्र फिरवतो. दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेऊ शकतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने या कल्पनेचे पेटंट 1905 सालीच घेतले होते.

म्हणजे फुकटचा लाभ? तसे नव्हे. हवा दाबली की तापते, हे सायकलच्या पंपाला हात लावलेला प्रत्येक मुलगा जाणतो. तापलेली, दाबलेली हवा सिलिंडरात गेली की पेट्रोल ठिणगीच्या वेळेनुसार शांतपणे न जळता मध्येच धडाडून पेटते आणि पिस्टनवर हातोडे बसतात. मियाटाच्या इंजिनात मुळातच मिश्रण 9.4 पट दाबले जाते. ते टर्बो मनात धरून केलेले नाही. शिवाय आत किती हवा आली हे मोजण्यासाठी तिच्यात एक झडप आहे आणि त्या मापावरून पेट्रोल सोडले जाते. हवा वाढली आणि पेट्रोल त्या मानाने वाढले नाही, तर पिस्टन वितळण्यापर्यंत पाळी येते. म्हणून टर्बोबरोबर हवा थंड करणारी जाळी हवी आणि पेट्रोल व ठिणगी यांचा हिशेब नव्याने शिकवलेला इलेक्ट्रॉनिक मेंदूही हवा.

अमेरिकेतच 1962 साली ओल्ड्समोबील कंपनीने 'जेटफायर' नावाची टर्बोची मोटार विकावयास काढली होती. धडाडा टाळण्यासाठी तिच्यात पाणी व मिथेनॉल यांची एक कुपी असे, ती मालकाने वेळोवेळी भरावयाची. मालक विसरत. पुढे कंपनीनेच अनेकांच्या मोटारींतील टर्बो काढून तेथे साधे कार्ब्युरेटर बसवून दिले. यंत्र सदोष नव्हते असे कोणी म्हणेल. पण माणूस विसराळू आहे हे जे यंत्र जमेस धरीत नाही, त्याला मी निर्दोष म्हणणार नाही.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. बेंटली मोटारींचे जनक डब्ल्यू. ओ. बेंटली यांना इंजिनात जबरीने हवा कोंबणे मुळीच पसंत नव्हते. शक्ती हवी तर इंजिन मोठे करावे, असे त्यांचे मत. शर्यतपटू सर हेन्री बर्किन यांनी ते मानले नाही. त्यांच्या साडेचार लिटरच्या मोटारींना हवा कोंबणारा पंप बसला. तो धुरावर नव्हे, तर इंजिनाच्याच दांड्यावर फिरणारा. 1930 सालच्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत या मोटारी वेगाने धावल्या खऱ्या, पण शेवटपर्यंत पोहोचल्या नाहीत. पहिला व दुसरा क्रमांक पंप नसलेल्या, मोठ्या इंजिनाच्या बेंटलींना मिळाला. येथेच थांबलो असतो तर माझा 'नको' पक्का झाला असता. पण त्याच वर्षी फ्रान्सच्या ग्रांप्री शर्यतीत बर्किन यांनी तीच अवजड मोटार दुसऱ्या क्रमांकाने आणली, हेही सांगितले पाहिजे. न्यायासनावर बसल्यावर एकाच पक्षाचे साक्षीदार तपासून चालत नाही.

आणि मग माझे लक्ष पत्राच्या माथ्यावरील गावाच्या नावाकडे गेले. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून बरोबर एक मैल, म्हणजे 5,280 फूट उंच आहे. समुद्रकाठी हवेचा दाब चौरस इंचाला 14.7 पौंड असतो, तो तेथे साधारण 12.2 च भरतो. पाटी घेतली, त्रैराशिक मांडले. 116 अश्वांपैकी डेन्व्हरात जेमतेम 96 उरतात. रविवारी मोटार डोंगरात नेली, तर जवळच्या लव्हलंड खिंडीची उंची सुमारे बारा हजार फूट; तेथे आणखी वीसेक गळतात. बिचारा घोडा कृश नाही, त्याचा श्वास कोंडला आहे!

विमानांचे दुखणेही हेच. म्हणूनच 1918 साली सॅन्फर्ड मॉस या अमेरिकन अभियंत्याने टर्बो लावलेले विमानाचे इंजिन ट्रकवर घालून पाइक्स पीक या चौदा हजार फुटांच्या शिखरावर नेले आणि विरळ हवेत चालवून दाखविले. ते शिखर कोलोरॅडोतच आहे. म्हणजे माझ्या पुतण्याने विचारलेला प्रश्न त्याच्या घरापासून काही तासांच्या वाटेवर शंभर वर्षांपूर्वीच विचारला गेला होता.

माझा कौल येथे डळमळला. डोंगराने काढून घेतलेले परत मागणे ही हाव नव्हे. पाच पौंडांचाच दाब घेतला, तर 12.2 आणि 5 मिळून 17.2 होतात, कागदावर 136 अश्व, आणि उष्णतेची वजाबाकी केली तर त्याहून काही कमी. समुद्रकाठी ही मोटार जन्मली तशी, वर थोडेसे दक्षिणादाखल.

तरीही उत्तर लिहावयास हात उचलेना. त्याचे कारण मोटारीत नाही, वाईजवळच्या आमच्या मळ्यात आहे.

1987 साली आमच्या विहिरीवर तीन अश्वशक्तीचा पंप होता. बंधू शेती पाही. मी शाळेतून सुटीला येऊन सल्ले देई. मी म्हटले, पाच अश्वशक्तीचा बसव, निम्म्या वेळात भिजेल. तो म्हणाला, "दादा, पाइप जुनी आहे." मी त्याला गणित करून दाखवले. गणित बरोबर होते. नवा पंप आठ दिवस झकास चालला. नवव्या दिवशी सिमेंटची पाइप तीन ठिकाणी सांध्यात फुटली. आणि विहीर, जी पूर्वी दिवसभर पुरत असे, ती दीड तासात तळ दाखवू लागली. झऱ्याची शक्ती कोणी वाढवली होती? गहू ओंबीवर आलेला. नव्या पाइपांसाठी बंधूने आपली मोटारसायकल विकली. ती त्याने हौसेने घेतली होती. रोज सकाळी स्वतः पुसायचा. मला तो त्यावरून अवाक्षर बोलला नाही, पुढेही कधी नाही. पुतण्याचा जन्म त्यानंतरचा.

तेव्हा मियाटाची 'जुनी पाइप' कोणती, हे मी शोधीत बसलो. ती सापडली. मागच्या चाकांना शक्ती वाटून देणारा जो डिफरन्शियल, तो या 1.6 लिटरच्या मोटारीत लहान व नाजूक आहे. कंपनीने 1994 साली इंजिन मोठे केले तेव्हा तोही मोठा केला. दुसरे म्हणजे पाणी थंड करणारा रेडिएटर, तीस वर्षांवरचा. तिसरे, क्लच. आणि चौथे पेट्रोल : त्या बाजूला सर्रास मिळणारे साधे पेट्रोल 85 ऑक्टेनचे असते, टर्बोला 91 चेच पाजावे लागेल, आणि तेही न विसरता.

गावातल्या ट्रक दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडेही जाऊन बसलो. डिझेल गाड्यांचे टर्बो त्यांच्या रोजच्या हातातले. ते म्हणाले, "मास्तर, टर्बो सहसा स्वतः मरत नाही, त्याला मालक मारतो. तेल वेळेवर बदलत नाही, आणि घाट चढून आला की लगेच चावी फिरवतो. मिनिटभर इंजिन चालू ठेवलं की आतली आग निवते. पण मालकाला तो मिनिट नसतो." एवढ्या ग्रंथपठणानंतर मला सर्वांत उपयोगी असे तेच वाक्य मिळाले.

शेवटी उत्तर लिहिले ते असे. प्रथम चारही सिलिंडरांचा दाब मोजून घे. आकडे एकमेकांशी जुळले नाहीत, तर टर्बोचे नाव काढू नकोस. जुळले, तर पैसे आधी रेडिएटर, ब्रेक आणि डिफरन्शियल यांवर घाल, आणि एक उन्हाळा मोटार आहे तशीच चालव. त्या उन्हाळ्यानंतरही इच्छा टिकली, तर पाच पौंडांवर बसव. त्यापुढचा आकडा कोणीही मित्राने सुचविला तरी ऐकू नकोस. तुमच्याकडे दर दोन वर्षांनी धुराची तपासणी होते. तीत मोटार बसेल की नाही हे बसविणाऱ्याकडून लेखी घे. खर्च मोटारीच्या किमतीइतका होईल असे तूच लिहितोस, तेव्हा सूनबाईंना आकडा आधी सांग, नंतर नव्हे. आणि तुझे वडील 'हो' म्हणाले असते की 'नाही', हे मला सांगता येणार नाही. मात्र पाइप जुनी आहे का, हे त्यांनी प्रथम पाहिले असते. एवढे लिहून त्याखाली विहिरीची हकीकत, मोटारसायकलसकट, पहिल्यांदाच सविस्तर लिहिली.

परवा त्याचा जबाब आला. चारही सिलिंडरांचे आकडे जुळले आहेत. रेडिएटर मागविला आहे. टर्बोविषयी एक अक्षर नाही. मोटारसायकल कोणत्या रंगाची होती, एवढे मात्र त्याने विचारले आहे. ती तांबडी होती. तिचे एक छायाचित्र भावजयीच्या ट्रंकेत असावे, ते आज दुपारी शोधणार आहोत.