गाढवास कायदा, पोरास परिपत्रक

जनावरांचा छळ होऊं नये म्हणून सरकारनें १९६० सालीं कायदा केला आणि १९६५ सालीं त्याखालीं ओझ्याचे नियम ठरविले. गाढवाच्या पाठीवर ५० किलोंहून अधिक माल लादूं नये, असें त्यांत स्वच्छ लिहिलें आहे. चांगलें झालें, मुक्या प्राण्याची दाद घेणारा कोणी तरी निघाला. पण माणसाच्या पोराचें दप्तर त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जड नसावें, हा ठराव करण्यास महाराष्ट्र सरकारास २०१५ साल उजाडावें लागलें!

बरें, ठरावानें काय झालें? २०१६ च्या ऑगस्टांत चंद्रपूरच्या सातवींतील दोन विद्यार्थ्यांनीं पत्रकार परिषद भरविली आणि सांगितलें कीं, रोज सोळा ते वीस वह्या-पुस्तकें, पांच ते सात किलो ओझें घेऊन आम्हांस तिसरा मजला चढावा लागतो. बापांनीं विचारावयाचें तें पोरांनीं विचारलें.

पाठीवर भार पडला कीं मूल पुढें वांकतें, मान पुढें काढतें. पट्टा एकाच खांद्यावर टाकला तर सगळें अंग एका बाजूस कलतें. शेवटीं सारा भार येतो तळपायावर, त्यांतही चवड्यावर. आणि लहान वयांत पायाची कमान अजून पुरती भरलेलीहि नसते. वर बूट! एक तर बोटें चिमटणारा, नाहीं तर ‘पुढल्या वर्षीं होईल’ म्हणून घेतलेला ढगळ. दप्तरानें कणा कायमचा वांकडा होतो असें छातीठोक सांगणारे आहेत. तसा पक्का पुरावा नाहीं, म्हणून आम्ही तें म्हणणार नाहीं. पण ज्याची मान, पाठ आणि पाय रोज ठणकतात, तें पोर धड्यांत लक्ष कसें घालणार?

मोटारींतून शाळेच्या दारांत उतरणाऱ्याचें दप्तर गडी उचलतो. वाडीवरून चिखल तुडवीत येणाऱ्या पोरीचें कोण उचलणार?

शेतकरी बंधूंनो, दोष आपल्याकडेहि आहे. दप्तर जितकें जड तितकी शाळा मोठी, असें आपण समजतों. मग शाळा नेमलेल्या पुस्तकांवर सरावाच्या चार वह्या आणखी चढविते, आणि आपण मुकाट्यानें पैसे मोजतों. २०२३ सालीं सरकारनें दुसरी ते आठवीचीं पुस्तकें भागाभागांनीं काढून त्यांतच कोरीं पानें घातलीं, म्हणजे वेगळी वही नको. जानेवारी २०२५ मध्यें तो बेत मोडला. पोरें वह्या आणीतच राहिलीं, असें कारण सांगितलें गेलें. अहो, मग त्या आणावयास लाविल्या कोणीं? पोरांना कां ओझ्याची हौस असते?

केंद्राचें २०२० चें धोरण पहिली-दुसरीच्या दप्तरास सव्वादोन किलोंच्या आंत ठेवा म्हणतें. परंतु वजन करील कोण? वाण्याच्या दुकानांत काटा असतो, बाजार समितींत असतो, शाळेंत मात्र नसतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश जागा आईबापांस दिल्या आहेत. तेथें चहा पिऊन सही करून येणाऱ्यांनीं पुढल्या बैठकींत एक ताणकाटा मागावा, तो वर्गाच्या दारास टांगावा, आणि दर सोमवारीं आलेला आंकडा हेडमास्तरांच्या सहीनिशीं फळ्यावर लिहावयास लावावा.