आजोबांचे बोट सर्वांना कोठून?

रत्नागिरीहून सागरी मार्गाने गणपतीपुळ्यास निघालेली गाडी आरे-वारेच्या वळणावर बहुधा थांबतेच. सुरूच्या बनात विसावलेले आजोबा नातवाचे बोट सोडत नाहीत. पावसाळ्यातला समुद्र लांबूनच पाहावा, असे त्याला बजावतात. किनाऱ्यावरच्या माणसाचे हे शहाणपण पिढीजात असते. परंतु परगावच्या पाहुण्यास असे बोट कोठून लाभणार? जुलै २०२५ मध्ये याच किनाऱ्यावर एकमेकांच्या नात्यातील चौघे बुडाले. परतणारी लाट गुडघाभर पाण्यातही पायाखालची वाळू ओढून नेते, हे नवख्यास उमगत नाही. तेथे नुसता फलक पुरेसा नव्हे. पावसाळ्याचे चारही महिने जीवरक्षक उभे असलेच पाहिजेत. पर्यटकांना आमंत्रण देणाऱ्या शासनाने यजमानाचे एवढे कर्तव्य तरी पार पाडावे.