वेतनाची बोलणी : कोणाच्या बळावर?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एक माजी विद्यार्थिनी भेटावयास आली. एम. कॉम. उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेली. एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात तिची निवड होण्याच्या बेतात होती आणि कंपनीने पाठविलेल्या अर्जात ‘अपेक्षित वेतन’ असा एक रकाना होता. तीन दिवस विचार करूनही तिला तो भरता आला नव्हता. “सर, जास्त लिहिले तर नोकरी जाईल आणि कमी लिहिले तर मीच माझे नुकसान करून घेईन. किती लिहू?” प्रस्तुत लेखक वीस वर्षे अर्थशास्त्र शिकवितो. मागणी-पुरवठ्याचे वक्र जिथे छेदतात तिथे वेतन ठरते, असे फळ्यावर काढून दाखविण्यात त्याची हयात चालली आहे. तथापि त्या रकान्यात कोणता आकडा लिहावा, हे त्यालाही सांगता आले नाही.

आपल्या मध्यमवर्गात मेथीच्या जुडीसाठी दोन रुपयांची घासाघीस करण्यात कोणास संकोच वाटत नाही. मात्र स्वतःच्या श्रमाचे मोल सांगावयाची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटते. बाईचे वय आणि पुरुषाचा पगार विचारू नये, ही शिकवण आपण पिढ्यान्‌पिढ्या जपली. या भिडेवर उपाय म्हणून हल्ली मुलाखतीचे तंत्र शिकविणारे वर्ग निघाले आहेत. नजरेला नजर द्यावी, आत्मविश्वासाने बोलावे, पहिला आकडा समोरच्याकडून काढून घ्यावा, अशी शिकवण तेथे मिळते. ती अगदीच निरुपयोगी आहे असे नाही. परंतु वेतनाची बोलणी हा वक्तृत्वाचा विषय आहे, असा जो समज त्यातून पसरतो, तो मात्र घातक आहे. बोलणी जिभेच्या बळावर फारशी होत नाहीत. बोलणी फिसकटली तर कोणाचे किती दिवस निभेल, यावर ती होतात.

थांबण्याची ताकद

हे तत्त्व नवे नाही. ॲडम स्मिथने १७७६ मध्येच ते सांगून ठेवले आहे. मालक साठविलेल्या भांडवलावर वर्ष-दोन वर्षे काढू शकतो. कामगाराला कामाविना आठवडा काढणेही जड जाते. मालक मूठभर असल्याने त्यांचा आपसांतला समझोता गाजावाजा न होता घडतो, हेही स्मिथनेच नोंदविले आहे. पुढे दीडशे वर्षांनी, १९३३ मध्ये जोन रॉबिन्सन यांनी श्रमाचा ग्राहक एकच असेल तर वेतन श्रमाच्या खऱ्या मोलाखाली कसे राहते, याची मांडणी केली. जिल्ह्यात एकच मोठा कारखाना किंवा तालुक्यात एकच शिक्षणसंस्था असेल, तर हा सिद्धांत समजण्यास पुस्तकाची गरज पडत नाही.

वेगवेगळ्या व्यवसायांकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे चित्र स्पष्ट होते. सरकारी कारकून साहेबासमोर बसून पगाराची घासाघीस करीत नाही. त्याच्या वतीने वेतन आयोगापुढे संघटना बोलतात. सातव्या आयोगानुसार १ जानेवारी २०१६ पासून केंद्रीय कर्मचाऱ्याचे किमान मूळ वेतन १८,००० रुपये झाले, ते कोणा एकाच्या चतुराईने नव्हे. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि बँकांचा महासंघ यांच्यात ८ मार्च २०२४ रोजी बारावा द्विपक्षीय करार झाला, १७ टक्के वाढ ठरली आणि ती १ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झाली. मुखदुर्बळ कारकुनाला आणि वाक्‌पटू कारकुनाला ती सारखीच मिळाली.

ऊसतोडणी कामगारांचे उदाहरण याहून बोलके आहे. साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात दर काही वर्षांनी तोडणीच्या दराचा करार होतो. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ मान्य झाली. निरक्षर, विखुरलेल्या, वर्षातील सहा महिने गावाबाहेर राहणाऱ्या या माणसांना हे साधते, याचे कारण हंगामात आहे. पक्व ऊस वेळेवर तुटला नाही तर वजन घटते, उतारा घटतो आणि प्रत्येक दिवसाचा तोटा कारखान्याला सोसावा लागतो. येथे थांबणे मालकाला महाग पडते. पण करार संपला की तोच कामगार एकटा उरतो. पावसाळ्यात मुकादमाकडून घेतलेली उचल त्याच्या डोक्यावर असते आणि उचल घेतलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणण्याचा पर्याय उरत नाही. शिवाय हिशेब कोयत्याचा, म्हणजे जोडप्याचा होतो. मोळ्या बांधून डोक्यावरून वाहणाऱ्या बाईची मजुरी किती, हे तिला स्वतःलाही वेगळे ठाऊक नसते. ज्या श्रमाचा वेगळा आकडाच नाही, त्याची बोलणी ती काय करणार?

एकजूट म्हणजे हमखास विजय, असाही निष्कर्ष कोणी काढू नये. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा डॉ. दत्ता सामंत यांच्या पाठीशी सुमारे अडीच लाख कामगार होते. परंतु १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यान्वये बोलणी करण्याचा अधिकार दुसऱ्याच संघटनेकडे होता, कापड यंत्रमागांवर विणले जात होते आणि कित्येक मालकांना गिरणी चालविण्यापेक्षा ती बंद राहण्यात अधिक रस होता. मालक थांबू शकत होते. कामगाराच्या घरातील भांडी थांबू शकत नव्हती.

सुशिक्षितांचे मौन

आता आपल्याच घरात डोकावू. शिक्षणसेवकाचे मानधन दहा वर्षांहून अधिक काळ प्राथमिकला ६,०००, माध्यमिकला ८,००० आणि उच्च माध्यमिकला ९,००० रुपये होते. २०२३ मध्ये ते अनुक्रमे १६,०००, १८,००० आणि २०,००० झाले. मधल्या वर्षांत धान्य, घरभाडे, औषधे यांचे भाव कोणासाठी थांबले नव्हते. वर्गात रोज बोलण्याचाच ज्यांचा पेशा, त्यांच्यावर ही पाळी यावी हे चिंतनीय आहे.

प्रस्तुत लेखकाचीही कारकीर्द तासिका तत्त्वावरच सुरू झाली. निवड समितीतील ज्येष्ठ सदस्यांनी मुलाखतीच्या अखेरीस विचारले, “आपल्याला काही विचारावयाचे आहे काय?” तासाला किती मिळणार आणि केव्हा मिळणार, एवढेच विचारावयाचे होते. परंतु ज्ञानदानाच्या दारात पैशाची गोष्ट काढणे शोभणार नाही असे वाटले आणि “नाही, सर” एवढेच तोंडातून निघाले. पहिले मानधन सात महिन्यांनी हाती आले. मुकाट्याने निघालेल्या त्या ‘नाही’ची किंमत आईच्या बांगडीने चुकती केली. आपल्यानंतर येणाऱ्यालाही ‘नाही’च म्हणावे लागेल, अशी रीत आपण पाडीत आहोत, हे तेव्हा लक्षात आले नाही.

खासगी नोकरीत या मौनाचे मोल वर्षानुवर्षे चुकवावे लागते. मागील पगाराची चिठ्ठी दाखवा, त्यावर अमुक टक्के देऊ, अशी प्रथा आहे. म्हणजे एकदा पहिल्या नोकरीत कमी घेतले की ते कमीपण प्रत्येक नव्या नोकरीत सोबत येते. घरच्या अडचणीमुळे मधली काही वर्षे काम सोडलेल्या स्त्रियांना याचा जाच सर्वाधिक होतो.

आकडा उघडा करा

यावर उपाय आहेत आणि अन्यत्र ते अमलात आले आहेत. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात २०२१ पासून आणि न्यूयॉर्क शहरात नोव्हेंबर २०२२ पासून नोकरीच्या जाहिरातीत वेतनाची मर्यादा छापणे बंधनकारक आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशानुसार उमेदवाराला त्याचा जुना पगार विचारण्यास मनाई आहे. अशाने लहान उद्योजक बुडेल, असा आक्षेप येईल. पण कमी वेतन देऊ नका, असे येथे कोणी म्हणत नाही. जे देणार ते आधी सांगा, एवढेच म्हणणे आहे. मर्यादा अवाच्या सवा रुंद छापून कायद्याला बगल देणारेही निघतील. तरीसुद्धा अंधारात चाचपडण्यापेक्षा अर्धवट उजेड बरा. आपल्याकडे निदान जाहिरातीत वेतन छापण्याचा आणि जुनी चिठ्ठी न मागण्याचा नियम व्हावयास हरकत कोणती?

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर करता येण्याजोगे काम आपल्या हाती आहे. त्या विद्यार्थिनीसमोर बसूनच लेखकाने तिच्यापूर्वीच्या तिघा विद्यार्थ्यांना दूरध्वनी केला. तिघेही लेखा विभागातच काम करणारे. पगार विचारल्यावर प्रथम तिघेही चाचरले. मग तिघांनीही खरे आकडे सांगितले. तिच्या मनातील आकडा त्या तिघांपेक्षाही कमी होता, असे आढळले. तिने तो खोडून मधला आकडा लिहिला. कंपनीने त्यातून थोडे कमी करून तिला रुजू करून घेतले. नोकरी गेली नाही.

प्रत्येक महाविद्यालयाने माजी विद्यार्थ्यांच्या वेतनाची, नावे वगळून, एक साधी नोंदवही ठेवली तर दरवर्षी बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना असा दूरध्वनी करण्याची गरज उरणार नाही. त्यासाठी ना अनुदान लागते, ना शासकीय परवानगी. एक वही लागते, आणि आपला पगार सांगताना न लाजणारी माणसे लागतात. त्या वहीच्या पहिल्या ओळीत प्रस्तुत लेखकाने आपल्या पहिल्या वर्षाचे तासिका मानधन लिहून ठेवले आहे.