मत हिंगणघाटात, पोट गोदीत

दोस्तांनो, महामारीनं राजकारण बदललं असं जो तो सांगतो. पक्ष फुटले, सरकारं पडली, मतदारांच्या निष्ठा हलल्या. खरंय. पण हे सगळं कुणासाठी झालं, ते कुणी विचारत नाही. माझं म्हणणं हमालाच्या भाषेत सांगतो. टाळेबंदीत प्रत्येक पक्ष त्याच माणसासाठी भांडला, ज्याचं मत त्याच्या हाताशी होतं. दुकानदार हाताशी होता. भाविक हाताशी होता. ज्याचं मत एका गावात आणि पोट दुसऱ्या गावात, त्याच्यासाठी एकाही पक्षाला साधा तडा गेला नाही.

मी त्यातलाच. मतदारयादीत नाव हिंगणघाटच्या वस्तीत, रेशनकार्ड हिंगणघाटचं, आणि पाठ मुंबईच्या गोदीत. जहाज थांबत नाही म्हणून गोदी चालू राहिली. आम्हाला ‘अत्यावश्यक’ म्हणाले. शब्द भारी होता, मजुरी तीच. वर मुकादमानं दोन आठवडे बुडवले ते बुडवलेच. असो. माझं रडगाणं हा विषय नाही, कुलपांचा हिशोब हा विषय आहे.

२४ मार्च २०२०. रात्री आठला पंतप्रधान टीव्हीवर आले, बाराला देश बंद. चार तास! चार तासांत गोदीला लागलेलं एक जहाज रिकामं होत नाही, यांनी अख्ख्या देशाचे रस्ते रिकामे केले. दिल्लीत भाजपचं राज्य, म्हणून तिथं कुलूप म्हणजे राष्ट्रभक्ती. थाळ्या वाजवा, दिवे लावा. ५ एप्रिलला देश दिवे लावत होता, त्याच दिवशी आमच्या वर्धा जिल्ह्यात आर्वीचे भाजप आमदार दादाराव केचे यांच्या वाढदिवसाला घरापुढं धान्यासाठी झुंबड उडाली. गुन्हा नोंदवला गेला. आमदार म्हणाले, हा विरोधकांचा डाव. भूक कुणाचा डाव होती, ते नाही बोलले.

मुंबईत तोच भाजप विरोधात, म्हणून इथं कुलूप म्हणजे अन्याय. २२ मे ला काळे मास्क लावून ‘महाराष्ट्र बचाव’. २९ ऑगस्टला देवळांपुढं घंटानाद, ‘दार उघड उद्धवा’. ५ ऑक्टोबरला हॉटेलं आणि बार उघडले, मग ओरड झाली की दारू उघडी आणि देव बंद. १२ ऑक्टोबरला राज्यपाल कोश्यारींनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून विचारलं, तुम्ही अचानक धर्मनिरपेक्ष झालात की काय. संविधानाची शपथ घेतलेला माणूस संविधानातला शब्द टोमण्यासारखा वापरतो! दुसरीकडं शिवसेना. हयातभर बंद पुकारून लोकांची शटरं पाडली, आता सरकारी शिक्क्यानं पाडायला लागली. काँग्रेस आणि राष्ट्रवादी तिच्या शेजारी बसून मान डोलवत होते. सत्ता असेल तिथं कुलूप, विरोधात असाल तिथं हातोडा. यात तत्त्व शोधणारा येडा.

इथवर प्रस्थापितांचं झालं. आता आपलं. कडू आहे, पण गिळा.

३१ ऑगस्ट २०२० ला बाळासाहेब आंबेडकर पंढरपुरात होते. वंचित बहुजन आघाडीचे झेंडे, वारकऱ्यांची गर्दी, मागणी एकच, विठ्ठलाचं दार उघडा. त्यांच्या बाजूनं बोलायचं तर बोलता येतं. बुक्का, माळा, फुलं विकणाऱ्याचं पोट देवळाच्या पायरीवर असतं, हे मला कळतं. पण दोस्तांनो, हेच ते दार. १९४७ मध्ये साने गुरुजींना दहा दिवस उपाशी बसावं लागलं तेव्हा ते आपल्यासाठी किलकिलं झालं. त्याआधी २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी नाशिकला काळारामाच्या दारात सत्याग्रह मांडला, लोकांनी डोकी फोडून घेतली. त्या दगडधोंड्यांतून बाबासाहेबांना जे उमगलं ते १९३५ ला येवल्यात बोलले आणि १९५६ ला नागपुरात करून दाखवलं. ज्या दाराकडं पाठ फिरवायला आपल्या बापाला सव्वीस वर्षं लागली, ते दार उघडायला आपण पुन्हा रांगेत? रेशन दुकानाचं दार, दवाखान्याचं दार, गावी जाणाऱ्या गाडीचं दार, ही दारं काय कमी होती?

आणि आपल्या साध्या माणसानं काय केलं ते बघा. १४ एप्रिल २०२० ची जयंती घरात झाली. पहिली टाळेबंदी त्या दिवशी संपायची होती, ती वाढवली. २०२१ ला तर १४ एप्रिललाच रात्री आठपासून संचारबंदी लावली. त्या ऑक्टोबरात नाही, तर आधीच्याच, २०२० च्या ऑक्टोबरात दीक्षाभूमी सुनी राहिली. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला येऊ नका म्हणाले, लोक आले नाहीत. कुणी घंटा वाजवली नाही, कुणी ‘दार उघड’ म्हटलं नाही. फोटोपुढं मेणबत्ती लावली आणि गप्प बसले. एवढी शिस्त कुणाच्या खात्यात जमा झाली? कुणाच्याच नाही. जो बोंबलतो त्याला पक्ष मतदार म्हणतो. जो नियम पाळतो तो गृहीत धरलेला.

आता रस्ता. नागपूर-हैदराबाद हमरस्ता हिंगणघाटला खेटून जातो. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये तेलंगणातून निघालेले मजूर याच डांबरावरून उत्तरेकडं चालले. विदर्भाचं ऊन, डोक्यावर बोचकं, कडेवर पोर. इकडं शेतकऱ्याचा कापूस खरेदीअभावी घरात पडलेला, तिकडं माणसं रस्त्यावर पडलेली. आई फोनवर म्हणायची, “बाबू, लय लोकं चालून राह्यले रे. आपल्यासारखेच दिसून राह्यले.” तिनं जात विचारली नव्हती. चाल बघून ओळखलं होतं.

ह्या चालणाऱ्यांची मतं उत्तर प्रदेशात, बिहारात, मध्य प्रदेशात. हिंगणघाटच्या कुठल्या उमेदवाराला त्यांचा उपयोग? लोकांनी पाणी दिलं, भाकर दिली, ते माणुसकीनं. पक्षांनी काय दिलं? १४ एप्रिललाच वांद्रे स्टेशनाबाहेर गावी जायला गर्दी जमली, तिच्यावर लाठ्या पडल्या आणि लगेच कुणाचं कारस्थान यावर दोन्हीकडून चिखलफेक. १ मे ला श्रमिक गाड्या सुटल्या, तर भाडं कुणी भरायचं यावर दिल्ली आणि राज्यं भांडत बसली. ८ मे ला करमाडजवळ रुळावर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. १४ सप्टेंबरला केंद्राच्या श्रम खात्यानं संसदेत सांगितलं, वाटेत किती मजूर मेले याची नोंद नाही. नोंद कशी असेल? तो जिथं मेला तिथं त्याचं मत नव्हतं.

पण मत हाताशी आलं की मजूरही आठवतो. ७ फेब्रुवारी २०२२, उत्तर प्रदेशाच्या मतदानाला तीन दिवस उरलेले. पंतप्रधान लोकसभेत म्हणाले, मुंबईत काँग्रेसनं मजुरांना तिकिटं देऊन पाठवलं आणि कोरोना पसरवला. म्हणजे चालला तेव्हा बेदखल, दोन वर्षांनी रोगाची पेटी.

हे नवं नाही. २०२० ला ज्या कायद्यानं महाराष्ट्र बंद झाला, तो साथरोग कायदा १८९७ चा आहे. प्लेगचा. तो प्लेग मुंबईत पहिल्यांदा दिसला तो मांडवीत, गोदीच्या अंगाला. तेव्हाही निर्बंधांवरून पुढारी फुटले. पुण्यात रँडचे सोल्जर घरात घुसले, देवघर विटाळलं म्हणून आग उठली. टिळक एकीकडं, गोखले दुसरीकडं. विलायतेत सोल्जरांवर केलेले आरोप सिद्ध करता येईनात, म्हणून गोखल्यांनी माफी मागितली आणि जहालांनी त्यांना फाडून खाल्लं. इतिहासाची पुस्तकं एवढंच सांगतात. त्याच वर्षी मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेगनं फणफणलेलं पोर पाठीवर घालून सावित्रीबाई दवाखान्यात घेऊन गेली आणि १० मार्चला स्वतः प्लेगनं गेली. भांडण देवघरावर झालं. पाठ आपल्या पोराला एकट्या तिनं दिली.

मग पक्ष फुटले ते कशावर? २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, महाराष्ट्रातले निर्बंध उठले. जूनमध्ये शिंदे आमदार घेऊन सुरतेला, तिथून गुवाहाटीला. २९ जूनला ठाकरे पायउतार. आमदारांची मोठी तक्रार काय? हिंदुत्व सोडलं, आणि ‘वर्षा’ बंगल्याचं दार आम्हाला बंद होतं. बघा, पुन्हा दारच! आठवडाभरात, ७ जुलैला, लंडनमध्ये बोरिस जॉन्सननं राजीनामा जाहीर केला. लोकांना घरात कोंडून आपल्या वाड्यात पार्ट्या केल्याचं त्याला भोवलं होतं. तिथं निदान नियम सगळ्यांना सारखा का नव्हता, यावर लोक चिडले. आपल्याकडं आमदार चिडले ते साहेब भेटत नाहीत म्हणून. चालून मेलेल्यांसाठी महाराष्ट्रात एकाही आमदारानं पक्ष सोडला नाही. एकानंही!

आणि मतदार? आमचं हिंगणघाट घ्या. २००९ ला धनुष्यबाण. २०१४, २०१९, २०२४, तिन्ही वेळा कमळ, समीर कुणावार. पण जून २०२४ च्या निकालात याच वर्धा लोकसभेत कमळाचे रामदास तडस पडले आणि तुतारीवर अमर काळे निवडून आले. सहा महिन्यांत विधानसभेला राज्यात महायुतीच्या २८८ पैकी २३० जागा. वंचितला २०१९ च्या लोकसभेत, एमआयएमच्या साथीनं, सुमारे ४१ लाख मतं होती, ती २०२४ ला निम्म्याच्याही खाली गेली. शहाणे म्हणतात, लोकांना निष्ठा नाही, पाच किलो धान्यावर आणि पंधराशे रुपयांवर विकले गेले.

तोंड सांभाळा. फुकट धान्य एप्रिल २०२० मध्ये सुरू झालं ते संकटातला उपाय म्हणून, आणि आजारपण संपल्यावरही चालू ठेवावं लागलं. शिवभोजन थाळी दहाची पाचवर आणली, पुढं काही काळ फुकट केली. लाडक्या बहिणीला जुलै २०२४ पासून महिना पंधराशे. हे पैसे कुणाच्या बापाचे नाहीत, पिशवीवर फोटो कुणाचाही असो. ज्या बाईनं टाळेबंदीत डबा खरवडला, ती पंधराशेची किंमत तुमच्या अग्रलेखापेक्षा नीट जाणते. संविधानावर घाला येईल असं वाटलं तेव्हा तिनंच लोकसभेला वेगळं बटण दाबलं होतं. ती विकली गेलेली नाही. तिच्यापुढं दोन दुकानं होती, तिनं भाव बघितला. तिसरं दुकान आपण मांडायचं होतं. आपण मांडलं नाही. आपण पंढरपुरात होतो.

म्हणून मागणी ठोस करा, भाषणं पुरेत. ‘एक देश एक रेशनकार्ड’ राज्यांनी लागू करावं असं सर्वोच्च न्यायालयानं २९ जून २०२१ ला बजावलं. म्हणजे माझं धान्य हिंगणघाटहून मुंबईला येऊ शकतं. मग माझं मत का येत नाही? डिसेंबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगानं दूरून मतदान करायचं यंत्र दाखवतो म्हणून सांगितलं. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना बोलावलं. बहुतेक विरोधकांनी शंका काढल्या. शंका खऱ्या असतील, यंत्रावर डोळे झाकून विश्वास मीही ठेवणार नाही. पण यंत्र नको तर दुसरा मार्ग काढा, असं कुणी कडकडून म्हणालं? २०२४ च्या दोन्ही निवडणुका तशाच झाल्या. ज्याला भाड्याला आणि बुडणाऱ्या रोजाला पैसे होते तो गावी जाऊन मत देऊन आला. बाकीचे गोदीत, विटभट्टीवर, उसाच्या फडात.

वस्तीवस्तीतल्या पोरांनो, याद्या करा. आपल्या वस्तीतून किती जण बाहेर कामाला, कुठं, कुणाच्या हाताखाली, हे आपल्या वहीत लिहा. सरकार नोंद ठेवत नाही, आपण ठेवू. उमेदवार दारात आला की देवळाचं, पुतळ्याचं, जातीचं बोलू देऊ नका. ही वही पुढं करा आणि विचारा, पुढची साथ आली की या माणसांची मजुरी कोण देणार, गाडी कोण सोडणार, मत कुठं टाकू देणार? उत्तर लेखी मागा. जो देईल त्याला एकदा मत. एकदाच. पाच वर्षांनी पुन्हा वही.

निष्ठा बाबासाहेबांवर आहे, तेवढी पुरे. पक्षाला फक्त हिशोब.

जयभीम.